टाचणीभर भोक, चमचाभर पाणी

भिंतीच्या रंगाला आलेला फोड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हळूच टोचला, तर आतून पाणी आलं. चांगलं चमचाभर. पिस्ता रंगावरून ओघळत ते खाली फरशीवर आलं. काकू मागेच उभ्या होत्या. बोलल्या काही नाहीत, हातातलं फडकं फक्त पुढे केलं.

20 ऑक्टोबर 2024. दिवाळीला अकरा दिवस होते आणि हॉलची ती भिंत रंगवून मला जेमतेम आठवडा झाला होता.

मी बडोद्यात घरं रंगवण्याची कंत्राटं घेतो. धंदा वडिलांचा. ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा कारेलीबागेत काकूंच्या बंगल्यात कमरेएवढं पाणी होतं. सोसायट्यांत मगरी फिरल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. पाणी ओसरल्यावर मागे काय राहतं ते मात्र आम्हा रंगवाल्यांनाच पुरतं बघायला मिळालं. काकूंनी गणपती 7 सप्टेंबरला गच्चीवरच्या खोलीत बसवला, आणि विसर्जन झाल्यावर मला फोन: "दिवाळीला मुलगा-सून पुण्याहून येताहेत, नातू दीड वर्षाचा आहे. घर घरासारखं करून दे रे बाबा."

त्या महिन्यात प्रत्येकाला दिवाळीच्या आत रंग हवा होता. दुकानात भिंतीच्या 'भेज'वर औषध म्हणून डॅम्प-प्रूफ कोटचे डबे हातोहात जात होते. (आम्हा बडोदेकरांच्या मराठीत ओलीला भेजच म्हणतात.) मीही घेतले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर तळहात ठेवला, कोरडी लागली. जुने पोपडे पत्तीने काढले, डॅम्प-प्रूफचे दोन हात, पुट्टीचे दोन हात, घिसाई, प्रायमर, वर इमल्शन, म्हणजे प्लास्टिक रंग. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम संपलं. दिसायला भिंत झकास होती.

पण तळहात फसवतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावायचा आणि चोवीस तास ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीच्या पोटातून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली. खर्च पाच रुपयेसुद्धा नाही. मी ते केलं नाही, कारण उत्तर काय येणार हे आतून माहीत होतं आणि काकूंना नाही म्हणायची हिंमत नव्हती.

विटांची भिंत साधारण महिन्याला एक इंच सुकते, असा आमचा ठोकताळा. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी साडेचार-पाच महिने धरायचे. मी तिला सहा आठवडे दिले होते. त्यातही बाहेरून जुना वेदरप्रूफ रंग आणि आतून माझा डॅम्प-प्रूफ, म्हणजे पाणी मधल्यामध्ये कोंडलेलं. त्याला बाहेर यायचंच असतं. येताना ते विटांतले क्षार बरोबर आणतं, तोच लोणा. श्वास घेणाऱ्या भिंतीवर लोणा पांढऱ्या भुकटीसारखा वर येतो, झाडला की गेला. वर प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर पापुद्र्यामागेच साठतो आणि पुट्टीसकट सगळं ढकलतो. वडील लोणा जिभेला लावून बघायचे. पुराचं पाणी प्यालेल्या भिंतीला जीभ लावायची माझी तयारी नव्हती.

काकूंना सगळं सांगितलं. चूक माझी, हेही. वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "मग सोलून काढ. पण दिवाळीत नुसत्या विटा दिसल्या तर मी कुणाला घरात घेणार नाही. चुना मार."

"चुना?"

"माझ्या सासरी दांडिया बाजारच्या वाड्यात दर दिवाळीला मारायचे. ओल काय वाड्यात नव्हती?"

मी हसणार होतो, पण थांबलो, कारण बाईंचं बरोबर होतं. चुन्याला ओली भिंत चालते, उलट कोरडी असेल तर आधी पाणी मारून घ्यावं लागतं. त्यातून वाफ ये-जा करते, आणि तो तिखट, म्हणजे अल्कलीधर्मी, असल्यामुळे बुरशी धरत नाही. फक्त इमल्शनवर तो बसत नाही, उघडी वीट किंवा उघडा गिलावा लागतो. तो आता भरपूर होणार होता.

दुपारपर्यंत पाण्याच्या रेघेच्या वर फूटभर, म्हणजे चारेक फुटांपर्यंत, गिलावा विटेपर्यंत काढला. बाहेरच्या बाजूनेही तेवढाच पट्टा खरवडला. दरम्यान एक पोरगा खिडकीचा जुना ऑइल पेंट कोरड्या कागदाने घासायला लागला होता, त्याला थांबवलं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या थरांत काय असेल सांगता येत नाही, आणि या घरात रांगतं मूल येणार होतं. पाणी लावून घासलं, चिखल पिशवीत भरून बाहेर.

मग कळीचा चुना. लोखंडी पिंप घेतलं, प्लास्टिकची बादली उष्णतेने बसते. आधी भरपूर पाणी, मग त्यात एकेक खडा. पहिला खडा क्षणभर गप्प पडून राहिला. मग सूं झालं, बुडबुडे, आणि बघता बघता पिंप डाळ उकळावी तसं रटरटायला लागलं. सगळ्यांना चष्मे घालायला लावले होते, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. काकू अंगणात दहा पावलं लांब खुर्ची टाकून बसल्या होत्या. "असाच आवाज," एवढंच म्हणाल्या.

रात्रभर मुरवला. सकाळी फडक्यातून गाळला, चिकटायला थोडा सरस (गोंद), चिमूटभर नीळ. मीठही घालतात, मी घातलं नाही. भिंतीत होतं तेवढं पुरे होतं. कुंचल्याने तीन पातळ हात. ओला असताना चुना राखाडी, जवळजवळ पारदर्शक दिसतो. मिस्त्री कुरकुरला, "साहब, कुछ दिखता नहीं." संध्याकाळी लख्ख पांढरा. पुराचा तो कुबट वासही दोन दिवसांत गेला. खाली पांढऱ्या विटा, वर पिस्ता, आणि शेजारच्या बेन विचारायला आल्या, ही डिझाइन कुठे बघितली.

फेब्रुवारीत प्लास्टिकचे तीन चौकोन लावले. खालच्यावर दव. मार्चअखेर तिन्ही कोरडे. मग नवा गिलावा, त्याला 28 दिवस, प्रायमर, आणि रंग. या वेळी काकूंनी एकदाही फोन केला नाही.

बिलात मी ऑक्टोबरचा रंग धरला नव्हता, आणि चुनाही. काकूंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: चुना, नीळ व मजुरी. "ते काम चांगलं झालं होतं, त्याचे पैसे घे," म्हणाल्या.