लॉग उशिरा का येत होता

सकाळपासून एकाच गोष्टीच्या मागे होतो. सर्व्हरवर प्रोग्रॅम नीट चालू, पण लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅम काय करतोय त्याची नोंद, ढिम्म. दहा-बारा मिनिटं काहीच नाही, मग एकदम पन्नासेक ओळी, आणि शेवटची ओळ मध्येच तुटलेली. आधी डिस्कवर संशय घेतला, मग घड्याळावर, दोन्ही ठीक. त्या तुटक्या ओळीनेच उलगडा केला. फाइल दर वेळी बरोबर ४०९६ बाइटांनी वाढत होती! टर्मिनलवर, म्हणजे कमांडच्या खिडकीत, ओळ संपताच बाहेर पडते, पण आउटपुट फाइलकडे वळवलं की बफर (मेमरीतली तात्पुरती साठवण, इथे ४०९६ बाइटांची) भरेपर्यंत आतच अडकून राहतं. प्रोग्रॅम कोसळला असता तर नेमक्या शेवटच्या, सगळ्यात गरजेच्या ओळी गेल्या असत्या. याचीच जास्त धास्ती वाटली. प्रत्येक ओळीनंतर फ्लश टाकला, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर लिहायची आज्ञा. आता ओळी लगेच दिसतायत, आणि मी अजून स्क्रीनसमोरून उठलेलो नाही.