नदीपट्टी, तुकडा तिसरा: धोम ते वाई

वाई तालुक्यातली कृष्णा हाताने कागदावर उतरवायचं काम आता धरणाखाली आलं. जोर खोऱ्यातून धोमच्या जलाशयापर्यंतचे दोन तुकडे आधीच झालेत.

धोमला फार थांबलो नाही. नृसिंह मंदिराच्या आवारातलं कमळाच्या आकाराचं कुंड आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी, एवढं टिपून निघालो.

मेणवलीत मात्र अख्खी सकाळ गेली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट चंद्रकोरीसारखा आहे. मी तो अंदाजाने सरळ काढला होता, खोडून वळवला. मेणेश्वरापाशी पंचधातूची मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. कागदाच्या कडेला तिचं वेगळं चित्र काढलंय, मला ते सगळ्यात आवडलं.

मोठी चूक सापडली ती वाईत. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. माझ्या कच्च्या आराखड्यात ते चक्क चौकोनी होतं, कारण मी ते कायम समोरूनच पाहिलेलं. या वेळी मागे गेलो. मागची भिंत दोन्ही बाजूंनी निमुळती होत माशासारखी टोकाला मिळते. पुराचं पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं, गाभाऱ्यावर थेट मार बसू नये, म्हणून ही रचना. त्या टोकाशी कितीतरी वेळ उभा होतो. नदीला 'कृष्णाबाई' म्हणणारी, घाटाघाटावर तिचा उत्सव करणारी ही माणसं तिचा जोरही पुरता ओळखून होती.

तेव्हापासून कामाची पद्धत बदलली. आधी प्रवाहाचा बाण काढायचा, मग बांधकाम. त्या हिशेबाने मेणवलीचा भाग तिसऱ्यांदा काढला आणि घाटाची कोर कुठल्या अंगाला वळते ते आता नीट बसलं.

चौथा तुकडा वाईखालून माहुलीच्या संगमापर्यंत, वेण्णा मिळते तिथवर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खालच्या पायऱ्या मोजून घेईन. धोम धरण व्हायच्या आधीचे वाईच्या घाटांचे फोटो कुणाच्या घरी असतील, तर पाणी कितव्या पायरीला आहे तेवढं मोजून कळवा.