चपलांकडे बघणारी माणसं

नरकचतुर्दशीच्या सकाळी ठाण्यात राम मारुती रोडला आणि तलावपाळीला जी तरुण गर्दी लोटते, तिची एक गोष्ट मला फार आवडते. सगळे दिसायला आलेले असतात आणि ते कोणी लपवत नाही. नथ दर दोन मिनिटांनी सारखी होते, कडक इस्त्रीचा कुर्ता बसताना जपला जातो. पण ज्याचा त्याचा डोळा आपापल्या मोबाइलमधल्या आपल्याच फोटोवर. शेजारणीची पैठणी बघायला फुरसत आहे कोणाला?

हा प्रकार अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी चक्क मोजला. 2000 साली छापून आलेल्या त्या प्रयोगात एकेका विद्यार्थ्याला, घालायची लाज वाटेल असा एका गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो चेहरा ओळखला असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात ओळखणारे जेमतेम पाव.

म्हणून लोक बघत नाहीत असं मात्र नाही. बघतात, पण आपण मांडून ठेवलेलं सोडून भलतंच. गोखले रोडवरच्या साडीच्या दुकानात गादीवरचा माणूस 'बजेट काय ताई?' असं विचारतो ते निव्वळ शिष्टाचार म्हणून. पदर उचलायच्या आधी तुम्ही किमतीची चिठ्ठी उलटलीत, की त्याला कळलं कुठल्या फळीवरचा गठ्ठा काढायचा ते. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांचंच घ्या. पांढरा शर्ट म्हणजे परवाना स्वतःचा, खाकी म्हणजे दुसऱ्याची रिक्षा चालवणारा. एवढं स्वच्छ अंगावर घालूनही ते वाचतं कोण? आपल्या लक्षात राहतो तो 'घोडबंदर?' म्हटल्यावर मानही न वळवता नुसता पंजा हलवणारा.

चेहऱ्याच्या बाबतीत तर आपण फारच उतावळे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी 2006 साली दाखवलं, की अनोळखी चेहरा विश्वासू वाटतो की नाही हे ठरवायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. वेळ वाढवून दिला तरी मत फारसं बदलत नाही, खात्री तेवढी वाढते. आमच्या सोसायटीच्या गेटवर याचा पुरावा रोज मिळतो. पाठीवर जेवणाची पेटी घेतलेल्या पोराला वहीत नाव, नंबर, फ्लॅट, सगळं लिहावं लागतं. ब्लेझरवाला नुसती मान हलवून आत. वॉचमनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला तसं बघायला आम्हीच शिकवलंय. ब्लेझरवाल्याला अडवलं तर बोलणी त्यालाच बसतात ना!

माझी आत्या मात्र चेहरा बघायचीच नाही. नौपाड्यातल्या तिच्या दोन खोल्यांत आमच्या घरातले कांदेपोह्यांचे बरेच कार्यक्रम झाले. मुलगा जिना चढून आला, की बाकीचे त्याचा शर्ट, उंची, नोकरी बघत आणि आत्या दाराशी उभी राहून चपला बघे. एकदा एक झकपक मुलगा बूट उंबऱ्यातच भिरकावून आत आला. मागून आलेल्या त्याच्या वडिलांनी गुडघा धरत वाकून ते बाजूला लावले आणि मुलाने मागे वळूनही पाहिलं नाही. पोहे व्हायचे होते. आत्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "खोबरं घालू नका गं वरून. कशाला वाया!"