मॅडम, तुम्ही संध्याकाळी सव्वासहाला घरी निघता कशा?

रबाळे एमआयडीसीत नव्याने टीम लीडर झालेली मुलं मला हे हमखास विचारतात. विचारताना त्यांच्या हातात दोन फोन असतात आणि दोन्ही वाजत असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

वेळापत्रकाची ती रंगीबेरंगी ॲप्स मला कधी झेपली नाहीत. मी एवढंच केलं, माझ्या टेबलावर येणारे निर्णय कमी केले. डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल गाड्यांत भरून पाठवायच्या खात्यात, मॅनेजरचा निम्मा दिवस 'मॅडम, हे करू का?' याला हो-नाही म्हणण्यात जातो.

आमच्याकडे कसोटी एकच: चुकलं तर मागे फिरता येतं का? ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा ऑनलाइन वाहतूक परवाना, 24 तासांत रद्द करता येतं, वाटेत कुणी तपासलं नसलं म्हणजे झालं. मग ते काढायला माझी परवानगी कशाला? मुलं काढतात, मला संध्याकाळी कळतं. न्हावाशेवा बंदरात जाणारा कंटेनर मात्र वेगळा. गेट कटऑफ, म्हणजे बंदरात कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, हुकला की जहाज आपल्यासाठी थांबत नाही. माल पडून राहतो आणि भाडं चढत जातं. सील लावायच्या आधी पेट्यांच्या मोजणीत फरक निघाला, तर मी डबा अर्धा टाकून उठते. जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या 2015 सालच्या पत्रात हीच विभागणी आहे: काही दारं ओलांडली की परतीची वाट नसते, काहींतून आत डोकावून मागे येता येतं. आमच्या गोदामात ते पत्र कुणी वाचलेलं नाही. अडत काहीच नाही.

दुसरं, नुसता प्रश्न घेऊन यायचं नाही. परवाच एक सुपरवायझर आला.

"मॅडम, वापीची गाडी आहे. घोडबंदरला जाम लागलाय."

"बरं."

"मग काय करू?"

"मी आज आलेच नसते तर काय केलं असतंस?"

"अंजूरफाट्यावरून, चिंचोटीमार्गे काढली असती."

"मग काढ की."

तो जरा हिरमुसला. ऑर्डर मिळाली की बरं वाटतं, जबाबदारी दुसऱ्याची होते ना!

मीटिंगचं म्हणाल तर सकाळी एकच, उभ्या उभ्या.

या सगळ्याची किंमत कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मुलांचा निर्णय चुकला की वरून फोन आपल्यालाच येतो, आणि तेव्हा त्यांचं नाव घ्यायचं नसतं. एकदा घेतलंत, की दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठ्याच्या खोक्यालासुद्धा तुमची सही मागतील. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मुलाने पाणी भरेल म्हणून गाडी रात्रभर थांबवली. पाऊस उघडला, गिऱ्हाईक तापलं. साहेबांनी विचारलं, "कुणी थांबवली?" मी म्हटलं, "डिस्पॅचने." त्या मुलाशी हिशोब नंतर बसून केला, अंदाज कशावरून बांधलास, कुणाला फोन करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याने न विचारता दोन गाड्या सोडल्या. त्यातली एक उशिरा पोचली. चालायचंच.