तुमचा शिक्का पुण्यात चालतो का?

कॅलिफोर्नियात घरोघरी जाऊन नोटरीचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला मराठी मंडळी सर्वांत जास्त वेळा विचारतात तो हा प्रश्न. पुण्यातला किंवा नाशिकचा फ्लॅट विकायचा असतो, इथून रजा मिळत नाही, म्हणून धाकट्या भावाला मुखत्यारपत्र द्यायचे ठरते. तिकडच्या वकिलांचा मसुदा ईमेलने येतो, आणि मी जेवणाच्या टेबलावर शाईचे पॅड उघडत असताना यजमान हळूच विचारतात, "ताई, हे तिकडे चालेल ना?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मात्र मी वकील नाही आणि तुमच्या मसुद्यावर मत देण्याची मला इथल्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे कायद्यात जे छापलेले आहे आणि जे मी रोज करते, तेवढेच सांगते.

शिक्का चालतो, पण तो ज्याची ग्वाही देतो ती गोष्ट बहुतेकांना वाटते त्याहून फार लहान आहे. कॅलिफोर्नियाच्या नोटरी प्रमाणपत्राच्या माथ्यावर एक चौकट असते आणि तीत राज्याने सक्तीने छापायला लावलेला मजकूर असा, की नोटरीने फक्त सही करणाऱ्याची ओळख पडताळली आहे, त्या कागदाचा खरेपणा, अचूकपणा किंवा वैधता नव्हे. म्हणजे मसुद्यात सर्व्हे नंबर चुकलेला असला किंवा विक्रीचे अधिकार देणारे कलमच राहून गेले असले, तरी माझा शिक्का तितकाच ठसठशीत उमटणार. कागदाची काळजी ज्याने मसुदा केला त्याने करायची. माझे काम माणसाचे.

म्हणून मी माणसाकडे बारकाईने पाहते. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट मागते. पुष्कळ जण मोठ्या विश्वासाने आधार कार्ड पुढे करतात; ते इथल्या यादीत नाही. खरी अडचण येते ती नावाची. खरेदीखतात माहेरचे नाव, लायसन्सवर सासरचे, आणि पासपोर्टवर मधले नाव गळालेले, असे आपल्या बायकांच्या बाबतीत नेहमीचेच. ओळखपत्रावर जे नाव नाही त्याची ग्वाही मला देता येत नाही, त्यामुळे हा गुंता मी दारात उभी राहण्याच्या आधी वकिलांकडून सोडवून घ्यावा.

त्यानंतर माझी नोंदवही निघते. तारीख, वेळ, दस्ताचा प्रकार, ओळखपत्राचा क्रमांक, सही, आणि मुखत्यारपत्र असल्यामुळे उजव्या अंगठ्याचा ठसा. हा ठसा राज्याच्या कायद्यात मुखत्यारपत्रासाठी आणि स्थावर मिळकतीच्या दस्तांसाठी सक्तीचा आहे. एका गृहस्थांनी हसत म्हटले होते, "ताई, आम्ही काही अंगठेबहाद्दर नाही हो." मी पॅड तसेच पुढे सरकवले. दुसऱ्याच्या नावाने उभे राहून कुणी मिळकत विकू पाहिली, तर सही गिरवता येते, अंगठा नाही.

कोऱ्या जागा ठेवलेला दस्त मी स्वीकारत नाही. "भावाच्या आधारचा नंबर नंतर भरतो" असे म्हटले तरी नाही. अपुऱ्या दस्तावर नोटरी करण्यास इथे बंदी आहे. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघेही समोर हवेत. "मिस्टर ऑफिसात आहेत, पण सही करून गेलेत, व्हिडिओ कॉल लावू का?" याचेही उत्तर नाही असेच आहे. दूरस्थ नोटरीचा कायदा कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केला खरा, पण त्याची अंमलबजावणी २०३० पर्यंत लांबू शकते अशी तरतूद त्यातच आहे.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण ती दोन देशांच्या कायद्यांच्या फटीत पडते. कॅलिफोर्नियात सही आधी केलेली असली आणि सही करणाऱ्याने समक्ष येऊन "ही माझीच" असे कबूल केले, तरी प्रमाणपत्र देता येते. पण भारताच्या नोंदणी अधिनियम, १९०८ मधील कलम ३३ म्हणते, की परदेशी राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत अशांपैकी कोणासमोर निष्पादित, म्हणजे सही करून पुरे केलेले, आणि त्यांच्याकडून प्रमाणित झालेले असावे. "समोर" हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. म्हणून इथला कायदा सवलत देत असला तरी मी सह्या माझ्यापुढेच करायला लावते, पानापानावर.

वडीलधारी माणसे असतील तर मी जास्त वेळ ठेवते. नोटरीला सही करणाऱ्याशी दुभाष्याविना थेट बोलता आले पाहिजे, असा इथला दंडक आहे, आणि मुलाकडे राहायला आलेल्या आजींसाठी मराठी नोटरी शोधण्याचे खरे कारण तेच. एकदा मी एका आजींना काहीही विचारले की उत्तर मुलगाच देत होता. मी मुलाला चहा ठेवायला आत पाठवले आणि आजींना विचारले, "आजी, या कागदाने काय होणार?" त्या म्हणाल्या, "माझी नाशिकची जागा धाकटा विकणार, आणि पैसे माझ्या खात्यात येणार, त्याच्या नाही." मसुद्यातही नेमके तसेच होते. इतके स्वच्छ उत्तर पदवीधर मुलांकडूनही क्वचितच मिळते.

माझा शिक्का खरा आहे हे पुण्याच्या दुय्यम निबंधकांना, म्हणजे तिथे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना, कसे कळावे? त्यासाठी अपोस्टिल. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय माझी सही आणि शिक्का तपासून त्यावर आपले प्रमाणपत्र जोडते. शुल्क वीस डॉलर, आणि टपालाने राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, पाठवल्यास थांबण्याची तयारी हवी. हा १९६१ च्या हेग कराराचा मार्ग असून भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. जोडलेली पाने स्कॅन करण्यासाठी टाचण्या काढू नयेत, एवढे मात्र मी प्रत्येकाला बजावते. पाने सुटली की ते प्रमाणपत्र नेमक्या कोणत्या कागदाचे, ही शंका घ्यायला जागा मिळते.

पुढचे काम भावाचे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे परदेशात झालेला दस्त राज्यात पहिल्यांदा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कागद पोहोचला म्हणजे काम झाले असे समजून तो कपाटात ठेवला जातो आणि मुदत निघून जाते, हे मी वरचेवर ऐकते. म्हणून कुरियरची पावती जपून ठेवावी. शिवाय खरेदीखताच्या नोंदणीच्या वेळी मुखत्याराला घोषणापत्र द्यावे लागते, की लिहून देणारा हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही. मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे "खरेदीखत नको, कुलमुखत्यारपत्रावरच व्यवहार करू" असे सुचवणाऱ्या गिऱ्हाइकाला भावाने सरळ वकिलांकडे धाडावे.

राहिला पैशांचा प्रश्न, जो विचारायला सगळे संकोचतात. प्रमाणपत्रासाठी प्रत्येक सहीमागे पंधरा डॉलरहून जास्त मला घेता येत नाहीत. प्रवासखर्च वेगळा असतो. तो फोनवर आधी ठरवावा आणि त्याच फोनवर नवरा-बायको दोघेही घरी असतील का, हेही मला सांगावे.