जुना लॅपटॉप, नवं युनिक्स आणि बूट न होणारी डिस्क

इन्स्टॉलर शेवटपर्यंत बिनबोभाट चालतो, रीबूट करायला सांगतो आणि मग काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. अशा वेळी पहिल्यापासून पुन्हा इन्स्टॉल करणं बहुतेकदा फुकट जातं. फाइली डिस्कवर नीट उतरलेल्या असतात. गाडी अडते ती त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेवर. म्हणून पडद्यावर शेवटचं काय उमटलं ते आधी कागदावर उतरवून घ्या.

बायॉस, म्हणजे मशीन चालू होताच जागं होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे एमबीआर, मेमरीत घेतं. त्यात ४४६ बाइट कोड, ६४ बाइटांत चार पार्टिशनांचा (डिस्कच्या भागांचा) तक्ता आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटांची खूण. हा कोड ॲक्टिव्ह (बूटसाठी निवडलेलं) पार्टिशन शोधून त्याचा बूट सेक्टर उचलतो. जुन्या विंडोजचा एमबीआर तसाच राहिला असेल आणि ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ दिसलं, तर एमबीआर चाललाय, पण पार्टिशनच्या बूट सेक्टरवर ती ५५ एए खूण नाही. ‘इनव्हॅलिड पार्टिशन टेबल’ आलं तर एफडिस्क या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये बघा, बहुधा दोन पार्टिशनं ॲक्टिव्ह झालेली असतात.

ओपनबीएसडीवर (हा युनिक्सचा एक प्रकार) ‘लोडिंग’नंतर ‘ईआरआर एम’ आलं, तर बूट सेक्टरने उचलायची दुसऱ्या टप्प्याची ‘बूट’ फाइल अपेक्षित जागी नाही. बूट सेक्टरमध्ये फाइलचं नाव नसतं, ब्लॉकचे आकडे असतात. फाइल कॉपी करून परत ठेवली किंवा बॅकअपमधून आणली, की आकडे शिळे होतात, मग नाव तेच असलं तरी उपयोग नाही. इन्स्टॉल मीडियावरून शेल उघडा, डेव्ह डिरेक्टरीत मेकडेव्ह स्क्रिप्ट चालवून डिस्कचे नोड (डिस्ककडे नेणाऱ्या खास फाइली) तयार करा, रूट (मुख्य) पार्टिशन माउंट करा, म्हणजे सिस्टिमला जोडा, आणि ते आकडे नव्याने लिहिणारं इन्स्टॉलबूट पुन्हा चालवा. लिलो हा लिनक्सचा बूट लोडर ‘एलआय’वर अडकतो तेव्हाही बहुतेकदा हेच झालेलं असतं.

आता खरा छळ: भूमिती. जुनं बायॉस डिस्ककडे सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा हिशेबाने बघतं. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर धरले तर मर्यादा ५२८ एमबी. हेड २५५ धरले तर सुमारे ८.४ जीबी. त्यापलीकडचं वाचायला बायॉसमध्ये एलबीएची (सेक्टरना सरळ क्रमाने आकडे देण्याची) सोय लागते, ती नसली की संपलं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकदा सुरू झाला की तो स्वतःच्या ड्रायव्हरने अख्खी डिस्क वाचतो, पण सुरू होईपर्यंत सगळं बायॉसच्या डोळ्यांनी चालतं. ४० जीबीच्या डिस्कवर एकच मोठं रूट पार्टिशन केलं, तर पहिले काही महिने मशीन छान बूट होतं. मग एके दिवशी कर्नल अपग्रेड होतो, नवी फाइल ८.४ जीबीच्या पुढे जाऊन बसते आणि काहीच न बदलल्यासारखं वाटत असताना बूट बंद पडतं. ग्रब या बूट लोडरच्या जुन्या आवृत्तीचा ‘एरर १८’ नेमकं हेच सांगतो. उपाय कंटाळवाणा पण पक्का: डिस्कच्या अगदी सुरुवातीला १ जीबीचं रूट पार्टिशन (बायॉस ५२८ एमबीवाला असेल तर ते त्याच्या आतच संपवा) आणि युझर, व्हार, होम या डिरेक्टऱ्यांची पार्टिशनं त्यानंतर. ओपनबीएसडीच्या बूट प्रॉम्प्टवर ‘मशीन डिस्कइन्फो’ टाकलं की बायॉसला डिस्क कशी दिसते ते लगेच कळतं.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल करायची युक्ती इथेच फसते. तिकडे २५५ हेड, इकडे १६, आणि बूट कोड भलतीकडे वाचायला जातो. शिवाय यूएसबी अडॅप्टरवर डिस्कचं नाव वेगळं असतं. फ्रीबीएसडीवर (हाही युनिक्सचाच प्रकार) एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत, ‘डीए०’ लिहिलेलं असतं, लॅपटॉपमध्ये तीच डिस्क ‘एडीए०’ होते, आणि तुम्ही ‘माउंटरूट’ प्रॉम्प्टवर येऊन थांबता. तिथे प्रश्नचिन्ह टाकलं की उपलब्ध डिव्हाइसांची यादी मिळते. खरं तर एफएसटॅबमध्ये लेबल वापरावं, ओपनबीएसडीत डीयूआयडी (डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक). नावाची कटकटच राहत नाही.

सीमॉसची (बायॉसची सेटिंग जपणाऱ्या चिपची) बॅटरी मेली असेल तर बायॉसमधली डिस्कची सेटिंग मूळपदावर जाते आणि कालचं चालू मशीन आज रुसतं. बॅटरी आधी बदला, भूमितीशी नंतर झगडा. ४४ पिनांच्या आयडीई (जुन्या जोडणीच्या) डिस्कवर शेजारच्या चार पिनांत जम्पर नसेल तर ती सहसा मास्टर (पहिली डिस्क) असते. कनेक्टर एका रांगेने सरकवून बसवू नका, वीजही त्याच पिनांतून येते.

फ्रीबीएसडीच्या इन्स्टॉलरमध्ये जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्याऐवजी एमबीआर निवडा. काही जुनी बायॉस जीपीटीची डिस्क बूटच करत नाहीत.

सगळं जमलं की डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने पहिला सेक्टर पेनड्राइव्हवर ठेवा. परत टाकताना मात्र फक्त ४४६ बाइट टाका. ५१२ टाकलेत तर मधल्या काळात बदललेला पार्टिशन तक्ताही पुसला जाईल.