सकाळी प्रेसनोट, दुपारी बातमी

बुधवार, रात्री

दिवसभर पावसाची झड. सकाळी पहिला तास जनसंपर्काचा, दुपारी बातमीलेखनाचा. दोन्ही माझ्याकडेच, आणि समोर मुलंही तीच. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात माणसं कमी असली की असं वेळापत्रक आपोआप जमतं. पूर्वी कुरकुरायचो. आता मात्र कुणी वेगळा शिक्षक देऊ केला तरी यातला एकही तास मी सोडणार नाही.

जुलैत कोल्हापुरात हे विषय शिकवायचे तर पुस्तकातली उदाहरणं लागत नाहीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी इथे रिक्षावालाही सांगतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. म्हणून सकाळी मुलांना आपत्ती व्यवस्थापन कक्षात नेमलं, अर्थात बाकावरच. पातळी ४१ फूट, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, एवढ्या माहितीवर प्रेसनोट लिहा. (आकडा सरावापुरता.) कुणीही न शिकवता 'प्रशासन सज्ज' आलं, 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' आलं. चंदगडच्या एका मुलाने शेवटी 'असे आवाहन करण्यात येत आहे' इतक्या झोकात लिहिलं की त्याला उद्याच माहिती कार्यालयात चिकटवावं.

त्याच तासात आयव्ही लीचं नाव घेतलं, जनसंपर्क व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात झाला. अपघात झाकायचा ही तेव्हा रेल्वे कंपन्यांची रीत. लीने उलट केलं. कंपनीतर्फे लेखी निवेदन काढलं आणि बातमीदारांना अपघाताच्या जागी नेलं. अफवा उठायच्या आत आपणच सांगायचं, हे जनसंपर्काचं शहाणपण तिथून सांगता येतं. मुलांना पटलं. पुराच्या गावातल्या मुलांना तर लगेचच पटलं.

दुपारी त्याच प्रेसनोटा अदलाबदल करून वाटल्या आणि म्हटलं, आता तुम्ही बातमीदार. बहुतेकांनी 'आवाहन करण्यात येत आहे' खोडून 'आवाहन केले आहे' केलं, वर मथळा चढवला आणि कॉपी पुढे सरकवली. एकाने तर सांगितलंच, "सर, नोटमध्ये सगळं खरंच आहे की. मग बदलायचं काय?"

प्रश्न रास्त होता. चांगल्या प्रेसनोटमध्ये खोटं क्वचितच असतं. गाळलेलं असतं. ते हुडकायचं कसं, हे मी फळ्यावर लिहून दाखवू शकत नाही. शिरोळची एक मुलगी मात्र हातात कागद धरून म्हणाली, "राजाराम बंधाऱ्याचा आकडा आमच्या काय कामाचा? आमच्याकडे कृष्णा बघावी लागते. कोयनेतून किती सोडलंय ते यात कुठाय?" पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. कृष्णाच तुंबलेली असली की खालच्या गावांना वरचा एकटा आकडा पुरत नाही. हे तिला कुठल्या व्याख्यानातून कळलेलं नाही, घरातलं सामान माळ्यावर चढवताना कळलंय. मग बाकीच्यांना कंठ फुटला. सुतारवाड्यातल्या लोकांना हलवलं म्हणता, कुठे हलवलं? चिखली-आंबेवाडीची जनावरं कुठे बांधणार? 'प्रशासन' म्हणजे नेमकं कोण, नाव काय त्यांचं?

तासाचा शेवटचा भाग १८८२ च्या खटल्याला दिला. दरवर्षी देतो. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ चाललाय, अशी लोकांत तीव्र भावना होती. संस्थानचे कारभारी बर्वे त्यामागे आहेत, असं दाखवणारी पत्रं पुण्यात पोचली, 'केसरी' आणि 'मराठा'ने बर्व्यांवर झोड उठवली. पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले १०१ दिवस दोघांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले.

मुलं इथे हळहळतात, तुरुंगाबद्दल. मला हळहळ नको असते. सरकारी कागदाकडे संशयाने बघायला पोरं दोन तासांत शिकतात, त्यात त्यांना मजाही येते. आपल्या बाजूच्या माणसाने, आपल्याला आधीच पटलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून हातात दिलेला कागद तपासायला मन तयार होत नाही. आणि हा खटला सोपाही नाही. ते महाराज १८८३ साली अहमदनगरला देखरेखीत असतानाच वारले. कागद खोटे होते म्हणून लोकांची काळजीही खोटी होती, असं कसं म्हणणार? मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "म्हणजे व्हॉट्सॲपवर जुन्या पुराचे व्हिडिओ फिरतात तसं. पूर खरा, व्हिडिओ दुसरा." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

तास सुटल्यावर एकजण थांबला. त्याला पीआर एजन्सीत जायचंय. वर्तमानपत्रातले पगार त्याने मोठ्या भावाच्या तोंडून ऐकलेत, तेव्हा त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. "मग मला बातमीलेखन कशाला, सर?" मी म्हटलं, शिरोळच्या पोरीने आज जे विचारलं, ते उद्या तुझ्या ग्राहकाला कुणीतरी विचारणार. आधी तुला सुचलं तर तुझी नोकरी टिकेल. त्याला उत्तर फारसं आवडलं नाही. आदर्शवादाचं काहीतरी ऐकायला मिळेल असं वाटलं असावं.

उद्या सकाळचा तास पुन्हा जनसंपर्काचा. आजच्या प्रश्नांची यादी आपत्ती कक्षाच्या टेबलावर ठेवणार आणि नोट नव्याने लिहायला लावणार. कोयनेचा विसर्ग घालायचा की 'तो आपला जिल्हा नाही' म्हणून सोडायचा, यावर वर्ग भांडणार हे नक्की. चंदगडच्या पठ्ठ्याला एकच अट आहे : 'आवाहन करण्यात येत आहे' कुठेही दिसता कामा नये.